ठाणे खाडीच्या नोंदी आणि शाळा-कॉलेजची मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की, आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रकल्पांचे दिवस आले की, ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळकडून जवळजवळ तेच प्रश्न येत राहतात. शिक्षक विचारतात, पालक विचारतात, अलीकडे मुलंही थेट विचारतात. म्हणून ते एका जागी आणले. आधी सोपे, मग अडनिडे. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही; गरज पडेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागरिक विज्ञान म्हणजे काय? आमची मुलं दरवर्षी खाडीकिनारा साफ करतात, तेच का?

तेच नाही. सफाईत कचरा उचलला जातो, नागरिक विज्ञानात तो मोजला जातो, आणि मोजणारे पगारी शास्त्रज्ञ नसून तुमच्याआमच्यासारखी माणसं असतात. जागा ठरलेली, पद्धत ठरलेली, तारीख-वेळेसकट नोंद, आणि ती दुसऱ्या कुणाला तपासता येईल अशी ठेवलेली, एवढं जमलं की झालं. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता दिवस होतो. तो १९८६ साली टेक्सासमध्ये सुरू झाला तेव्हापासून उचललेली प्रत्येक वस्तू प्रकारानुसार मोजून लिहायची पद्धत त्यात आहे. आपल्याकडे टी-शर्ट आले, बॅनर आले, सेल्फी आले. तक्ता तेवढा राहून गेला. तुमची सफाई चालू ठेवाच, फक्त पोत्याचं तोंड बांधण्याआधी प्रश्न ९ वाचा.

२. पण ठाण्याला समुद्र कुठे आहे? खाडीच्या कामाला 'सागरी' म्हणता येईल का?

बिनधास्त म्हणा. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदरात उघडते आणि उत्तरेला ठाण्याजवळ एका चिंचोळ्या फाट्याने उल्हास नदीच्या खाडीला जोडलेली आहे. दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. त्या पाण्यासोबत बोय, जिताडा, कोळंबी येतात, आणि बंदरातलं प्लास्टिकही येतं. ऐरोली आणि वाशी या पुलांमधल्या पट्ट्यात २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. एवढी मोठी प्रयोगशाळा लोकलच्या खिडकीतून रोज दिसते आणि सहली मात्र वॉटर पार्कला जातात, ही आमची जुनी कुरकुर आहे.

३. कितवीपासूनची मुलं चालतील?

चौथी-पाचवीची मुलं पक्षी मोजू शकतात, कचऱ्याचे प्रकार लावू शकतात, तापमान वाचू शकतात. रसायनं लागतात त्या चाचण्या आठवीनंतर. चिखलात उतरायचं काम शाळेच्या मुलांना देऊच नये. जेटीवरून, घाटावरून किंवा बांधावरून जे होतं तेवढं पुष्कळ आहे. दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं, आणि त्या माणसाचं लक्ष फोनमध्ये नसावं.

४. जायचं कुठे? आणि परवानगी कुणाची लागते?

पायाखाली पक्की जमीन असेल तिथे. गणपती विसर्जनाचे घाट या कामाला उत्तम: पाण्यापर्यंत पायऱ्या किंवा उतार असतो, गाडी पोचते, आणि वर्षातले दहा-बारा दिवस सोडले तर मोकळे असतात. कोळीवाड्यांच्या जेट्याही चालतात, पण तिथे आधी गावातल्या माणसांशी बोलून घ्या (प्रश्न २०).

पहिलीच वेळ असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापासून सुरुवात करा. ते वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या कांदळवन प्रतिष्ठानकडून चालवलं जातं, आणि तिथून खाडीत बोटफेरीही निघते. बोटीचं आरक्षण आधी लागतं आणि ती भरतीच्या वेळेवर सुटते, शाळेच्या वेळेवर नाही.

परवानगीचं गणित असं: सार्वजनिक घाटावर उभं राहून पाहायला, मोजायला परवानगी लागत नाही. अभयारण्याच्या हद्दीत जायला किंवा अधिसूचित कांदळवनात शिरायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. तिथून काही उचलून आणायचं असेल तर ती वेगळीच बाब आहे, ती प्रश्न १४ मध्ये. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आणि मुलांची यादी कायम जवळ ठेवा. पोलीस किंवा सुरक्षारक्षकाने हटकलं तर त्याने काम भागतं.

५. भरती-ओहोटीचं वेळापत्रक कळत नाही. रविवारी सकाळी सातला गेलो तर चालेल का?

कधी चालेल, कधी पायरीपर्यंत पाणी असेल. खाडीवर रविवार चालत नाही, तिथी चालते.

किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची पाऊणपट सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि मुंबई बंदरापेक्षा ऐरोली-कळव्याकडे पाणी थोडं उशिरा पोचतं. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते किंवा भरतीचं कुठलंही चांगलं ॲप पाहा, आणि त्यातलं ठिकाण अपोलो बंदर असेल तर तेही वहीत लिहा.

याच हिशोबातून शाळांची अडचण कळते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. पण ती खोल ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तो भांगाचा दिवस, पाणी फारसं उतरतच नाही. मधला मार्ग म्हणजे चतुर्थी: पाऊणपट तीन, म्हणून ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, आणि उधाणाचा जोरही बराचसा शिल्लक. आम्ही शाळांना सरळ सांगतो, दर महिन्याला संकष्टीच्या सकाळी जा. कॅलेंडरवर छापलेलीच असते, विसरायला होत नाही. उपासवाल्यांसाठी शेंगदाणे घ्या.

६. काय काय मोजावं? यादी द्या.

यादी मागणाऱ्यांना आम्ही आधी उलट विचारतो: वर्षभर दर महिन्याला काय मोजणं तुम्हाला परवडेल? ते सांगा, तेवढंच मोजा. पंधरा गोष्टी एकदा मोजलेल्या वहीपेक्षा तीन गोष्टी बारा महिने मोजलेली वही कितीतरी मोलाची. खाडी भरतीगणिक, ऋतूगणिक बदलते; एका दिवसाचा आकडा फक्त त्या दिवसाचा असतो.

त्या तीन गोष्टी कुठल्या, तर तापमान, खारटपणा आणि पाण्याची पारदर्शकता.

तापमानाला साधा काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर पुरे. बादलीने पाणी वर काढा, बादली सावलीत ठेवा, मिनिटाभरात वाचा.

खारटपणाला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण बसवायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तो आकडा. उघड्या समुद्राचं पाणी हजारी ३५ च्या, म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षारांच्या, आसपास असतं. दर वेळी आधी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्य येतंय ना ते बघा, नाही आलं तर स्क्रूने आणा. मुलांना ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि ती गाळायची फार घाई असते. गाळू देऊ नका.

पारदर्शकतेसाठी सेकी तबकडी. १८६५ साली अँजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून पाहिली; दिसेनाशी होते ती खोली लिहिली, संपलं. आजही पद्धत तीच आहे. पांढरा रंग दिलेली स्टीलची ताटली, खाली वजन, दोरीला दर पाच सेंटिमीटरला गाठ किंवा मार्करची खूण. आपल्या खाडीत गाळ इतका की तबकडी बऱ्याचदा हाताच्या अंतरातच गायब होते, म्हणून मीटरच्या खुणा निरुपयोगी. उन्हाची तिरीप चेहऱ्यावर येणार नाही अशा बाजूने, दोन वेगवेगळ्या मुलांनी वाचावं, दोन्ही आकडे लिहावेत.

प्रत्येक नोंदीच्या वर पाच गोष्टी हव्यातच: तारीख, घड्याळाची वेळ, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा, गेल्या दोन दिवसांत पाऊस होता का, आणि मोजणाऱ्याचं नाव.

७. घरचा टीडीएस मीटर आहे, त्यानेच खारटपणा मोजला तर?

नाही. पाण्याच्या फिल्टरसोबत येणारी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी ती पेनसारखी वस्तू साधारण हजारी ९-१० च्या वर मोजू शकत नाही. खाडीत बुडवली की ती कमाल आकडा दाखवते किंवा नुसती चूक दाखवते. 'खाडीचा टीडीएस ९,९९०' असं प्रकल्पाच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं कधी दिसलं तर समजा, ती पाण्याची नाही, मीटरची मर्यादा आहे.

८. पीएचच्या पट्ट्या आणि ऑक्सिजनचा संच घ्यावा का?

पट्ट्या घेऊ नका. त्या अर्ध्या किंवा एका अंकाच्या टप्प्याने रंग बदलतात. समुद्राचा पीएच ८.१ च्या जवळ असतो आणि आपल्याला जो फरक बघायचा तो बहुतेक वेळा पट्टीच्या दोन रंगांच्या मधेच हरवतो. पीएच मोजायचाच तर पेन मीटर घ्या आणि दर वेळी ७ आणि १० च्या बफरने (पीएच आधीच ठरलेल्या द्रावणाने) तो जुळवा.

विरघळलेल्या ऑक्सिजनचा संच कॉलेजसाठी चांगला. खाडीच्या तब्येतीबद्दल हा आकडा बरंच काही सांगतो: सांडपाणी कुजायला लागलं की जिवाणू ऑक्सिजन खातात. सागरी पाण्याच्या सरकारी वर्गवारीत अंघोळीयोग्य पाण्यासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे. बाटली पाण्याखालीच भरून तिथेच बूच लावा, आत एकही बुडबुडा नको, आणि पहिली दोन रसायनं जागेवरच घाला. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून घड्याळाच्या वेळेशिवाय हा आकडा अर्थहीन आहे. वापरलेली रसायनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत न्या. खाडी वाचवण्याच्या प्रकल्पातली रसायनं खाडीतच ओतून आलेले वीर आम्ही पाहिले आहेत.

९. कचऱ्याची मोजणी नेमकी कशी करायची? पोती मोजली तर पुरे ना?

पोती मोजू नका आणि वजनही करू नका. खाडीतली पिशवी उचलली की तिच्यात तिच्या दसपट चिखल असतो. तुम्ही चिखलाचं वजन कराल.

घाटाच्या कडेला दहा मीटरची दोरी टाका, दोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, म्हणजे वीस चौरस मीटर झाले. त्यातली तळहातापेक्षा मोठी किंवा ओळखू येईल अशी प्रत्येक वस्तू नगाने मोजा. आपल्या खाडीला साजेसे प्रकार ठरवा: शॅम्पू-गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि त्यांचे कापलेले कोपरे, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, चपला, निर्माल्याच्या पिशव्या, जाळ्याचे तुकडे, औषधांची पाकिटं, इतर. 'इतर' सर्वांत मोठं झालं तर प्रकार चुकलेत, पुढच्या वेळी फोडा. पण जुन्या प्रकारांची नावं बदलू नका, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलना संपली.

मोजून झालं की तेवढाच पट्टा साफ करा आणि पंधरा दिवसांनी तिथेच परत मोजा. आता कळेल पंधरा दिवसांत किती नवा आला. हा आकडा 'किती पोती उचलली' यापेक्षा कितीतरी बोलका असतो, कारण तो तुमच्या उत्साहावर अवलंबून नाही. तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, आत जाऊ नका. त्यांची वर आलेली श्वसनमुळं प्लास्टिक अडवतात हे खरं, पण वीस मुलं तिथे फिरली तर ती मुळंच मोडतात.

१०. मायक्रोप्लास्टिक मोजता येईल का? स्पर्धेत त्याला फार मार्क मिळतात म्हणे.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. शाळेत एक ते पाच मिलिमीटरच्या दरम्यानचे तुकडे मोजता येतात, त्याखालचं सूक्ष्मदर्शक आणि खास उपकरणांचं काम. वाळलेला गाळ चाळा, मग मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळून ठेवा; हलकं प्लास्टिक वर येईल. एक गोष्ट प्रकल्पात लिहाच: पिशव्यांचं आणि झाकणांचं प्लास्टिक या पाण्यात तरंगतं, पण बाटल्यांचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी जड असतं, ते खालीच राहतं. म्हणजे तुमचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येणार. धागे मोजू नका. त्यातले निम्मे तुमच्याच शर्टाचे असतील.

११. मुलांना पक्ष्यांची नावं येत नाहीत, मलाही येत नाहीत. मग?

पाच ओळखा, बाकीचे 'इतर' लिहा. मोठा बगळा, लहान बगळा, पाणकावळा, शेकाट्या आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो, एवढ्यांवर एक हिवाळा काढा. चिखलातले छोटे तुतारी-टिवळे जाणकारांनाही चकवतात, त्यांना 'लहान चिखलपक्षी' म्हणून मोजलं तरी चालतं.

मोठा थवा असेल तर दहा पक्षी नेमके मोजा, तेवढा घोळका डोळ्यात बसवा आणि थव्यात असे किती घोळके ते मोजा. मग फोटो काढून घरी पडद्यावर मोजा. दोन आकड्यांतला फरक बघून मुलं चक्रावतात आणि पुढच्या वेळी सुधारतात. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. किती वेळ पाहिलं आणि किती अंतर चाललात हे तिथे विचारतात, ते खरं भरा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. त्यात जाणकारांसोबत एक सकाळ काढली तर शिक्षकांचा निम्मा अभ्यास होतो.

१२. यंदा फ्लेमिंगो भरपूर आले. म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असा निष्कर्ष काढू का?

काढू नका. हा प्रश्न दर फेब्रुवारीत येतो आणि उत्तर दर वेळी लोकांना आवडत नाही.

आपल्याकडे येणाऱ्यांत लहान रोहित बहुसंख्य असतात. ते चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ खातात. शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि शहराच्या सांडपाण्यात दोन्ही मुबलक. १९९० च्या दशकापासून शिवडी आणि ठाणे खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले, त्यामागे हेही एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे पक्ष्यांची गर्दी पाण्यातल्या पोषकद्रव्यांबद्दल सांगते, स्वच्छतेबद्दल नाही. शिवाय एका ठिकाणी गर्दी वाढली ती दुसरी पाणथळ जागा बंद झाल्यामुळेही असू शकते. नेरुळच्या तलावात भरतीचं पाणी येणं थांबलं तर तिथले पक्षी कुठेतरी जाणारच.

तिवरांचंही तसंच. खाडी गाळाने भरत गेली की तिवरं पुढे सरकतात. हिरवाई वाढलेली दिसते, आणि त्याच वेळी पक्ष्यांना लागणारा उघडा चिखल कमी होत असतो. प्रकल्पात 'वाढले' किंवा 'घटले' एवढंच लिहा, त्यापुढे शक्य असलेली दोन-तीन कारणं मांडा. परीक्षकाला 'खाडी वाचली' हे वाक्य हवं असेल तर तो परीक्षकाचा प्रश्न.

१३. आय-नॅचरॅलिस्ट ॲपने नाव सांगितलं. ते बरोबर धरायचं का?

फोटोवरून प्राणी-वनस्पतींची नावं सुचवणाऱ्या या ॲपची सूचना हा अंदाज आहे. तुमच्या नोंदीवर इतर माणसं मत देतात; किमान दोघांचं आणि दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं, शिवाय फोटो, तारीख आणि ठिकाण असलं, की ती संशोधनयोग्य दर्जाची होते. तोवर 'खेकडा' एवढंच लिहिण्यात कमीपणा नाही.

सगळ्यात जास्त घोळ ठिकाणाचा होतो. मुलं फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, बाई रात्री घरून ते ॲपवर चढवतात. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतून जागा आणि मूळ वेळ निघून जाते, आणि निवटी मासा घणसोलीच्या पाचव्या मजल्यावर सापडल्याची नोंद होते. फोटो ज्या फोनने काढला त्याच फोनने चढवा, किंवा फाइल म्हणून पाठवा. मुद्दाम लावलेलं कांदळाचं रोप असेल तर 'लागवड' अशी खूण करा.

तेरा वर्षांखालच्या मुलांना आपलं आपण खातं काढता येत नाही. शाळेचं एक खातं शिक्षकांनी चालवावं, फोटोत मुलांचे चेहरे नकोत, आणि घराच्या आवारातली नोंद असेल तर ठिकाण धूसर ठेवायची सोय वापरा. लहानांसाठी सीक हे ॲप खात्याशिवाय चालतं.

१४. एखादा शिंपला किंवा जिवंत खेकडा वर्गात दाखवायला आणला तर काय बिघडलं?

अभयारण्यातून काहीही उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. बाहेरसुद्धा प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना कायद्याचं संरक्षण आहे, मेलेले असले तरी. चिंबोरी बघायचीच असेल तर बाजारात जा. कोळीण मावशी नर-मादी कशी ओळखायची तेही शिकवतील.

१५. पावसाळ्यात काम बंद ठेवायचं का?

जागेवर जाणं कमी करा, नोंद बंद करू नका. जून ते सप्टेंबरमध्येच खाडीचा खारटपणा सर्वांत जास्त घसरतो आणि तोच भाग वहीतून गायब असतो. उघडीप असलेल्या दिवशी दोन मोठ्या विद्यार्थ्यांनी आणि एका शिक्षकाने जेटीवरून बादलीभर पाणी काढलं तरी पुरतं. पायाला जखम असेल तर त्या पाण्याजवळ जायचं नाही; लेप्टोस्पायरोसिसचे दिवस असतात. कालवांच्या कडांनी कापलेला पाय तर आठवडाभर त्रास देतो.

१६. गेलो, पण काहीच दिसलं नाही. मग काय लिहायचं?

शून्य. तारीख, वेळ, जागा आणि शून्य. नंतरच्या माणसाला कोऱ्या पानावरून तुम्ही गेलाच नव्हता की जाऊनही काही नव्हतं हे कळत नाही.

१७. काही मुलं घरी बसून आकडे भरतात असा संशय आहे. कसं ओळखायचं?

आकडे फार गुळगुळीत असतात. तापमान दर महिन्याला अर्ध्या अंशाने शिस्तीत चढतं, सगळे आकडे शून्य किंवा पाचवर संपतात, आणि वेळेच्या रकान्यात कायम 'सकाळी ९' असतं. खरी वही मळकी असते, तिच्यात खाडाखोड असते, एखाद्या महिन्याला 'थर्मामीटर फुटला' असतं.

ओरडून उपयोग नाही. मुलं आकडे रचतात कारण आपण 'अपेक्षित' उत्तराला मार्क देतो. दोन गटांना पंधरा मिनिटांच्या अंतराने तीच गोष्ट मोजायला लावा आणि फरक का पडला यावर मार्क ठेवा. आणि खोडरबर बंदी: चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, आद्याक्षर. संशयित आकडे मोठ्या संचात जाऊ देऊ नका, वेगळे ठेवा.

१८. घाटावर मेलेले मासे किंवा तेलाचा तवंग दिसला तर?

हात लावू नका, मुलांना मागे घ्या. मासे एकाच जातीचे आहेत की अनेक, हे बघा. पाण्याचा रंग, वास, भरती चढत होती की उतरत होती, जवळचा नाला वाहत होता का, हे लिहा. मोजपट्टी किंवा चप्पल शेजारी ठेवून फोटो काढा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, कारण पुढच्या भरतीला पुरावा वाहून जातो.

नेहमीच्या कंटाळवाण्या नोंदींचा उपयोग अशा वेळी होतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली, शेकडो टन तेल सांडलं आणि ते खाडीकाठच्या कांदळवनांपर्यंत आलं. अशा प्रसंगी नुकसान किती झालं हे सांगायला आधीची स्थिती माहीत असावी लागते. ती नंतर मोजता येत नाही.

१९. आमच्या आकड्यांवरून कारखान्याविरुद्ध तक्रार करता येईल का?

चाचणीच्या संचातून आलेला रासायनिक आकडा इशारा म्हणून धरला जातो, पुरावा म्हणून नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी स्वतः नमुना घेतात आणि त्यांच्या प्रयोगशाळेत तपासतात. तुमच्या पत्रात 'अमुक कंपनी विष सोडते' असं न लिहिता 'अमुक नाल्याच्या तोंडाशी या तारखांना ऑक्सिजन इतका कमी आढळला, कृपया तपासणी करावी' असं लिहा. तक्रारीवर सही मोठ्या माणसाची हवी, विद्यार्थ्याची नको.

राडारोडा टाकणं आणि तिवरं तोडणं याबाबत मात्र तुमचा फोटो भक्कम असतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव घालायला मनाई केली आहे. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. त्याच जागेचे, त्याच कोनातून, दर महिन्याचे फोटो असले की वाद फार टिकत नाही.

२०. कोळीवाड्यात जाऊन माहिती घेतली तर ती विज्ञानात धरतात का?

धरतात, नीट विचारली तर. 'काका, पूर्वी मासे जास्त होते का?' या प्रश्नाला 'होते ना' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: कुठलं जाळं, डोल की पाग? कुठल्या महिन्यात? पूर्वी यायचा आणि आता येत नाही असा मासा कोणता, तो शेवटचा कधी पाहिला?

डोल जाळं ही तर तयार शास्त्रीय पद्धतच आहे. प्रवाहात एका जागी लावलेलं पिशवीसारखं जाळं, ठरावीक वेळ, ठरावीक तोंड. जवळा-कोळंबीसोबत त्यात प्लास्टिकही येतं, आणि ते निवडण्यात मावशींचा तासभर जातो. एखादं कुटुंब तयार असेल तर एका खेपेतलं प्लास्टिक वेगळ्या टबात ठेवायला सांगा आणि मुलांना मोजू द्या. निवडायलाही मदत करा, नुसते फोटो काढून पळू नका.

कोळीवाडा दिवाळे असो की चेंदणी, बोट लागल्यावर लगेच जाऊ नका, ती विक्रीची घाई असते. माशांचं प्रमाण किंवा पकडायची जागा नावानिशी छापू नका. तो त्यांचा धंदा आहे. वर्षाच्या शेवटी तक्ता त्यांनाच आधी दाखवा. त्यातली चूक तेच काढतील.

२१. खरं सांगा, हे आकडे कुणी शास्त्रज्ञ वापरतात का?

योग्य जागी ठेवले तर. 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या नोंदींवर उभा आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरच्या जीवांची लोकांकडून नोंद करून घेतो. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद किंवा होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या कृतिसंशोधनासाठी केलेलं काम फाइलमध्ये बंद राहिलं तर ते कुणीच वापरणार नाही. स्पर्धा झाली की आकडे सगळ्यांना पाहता येईल अशा खुल्या माहितीसंचात टाका, किंवा निदान जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला द्या.

२२. मुलं दहावीला गेली की सगळं थांबतं. काय करावं?

आठवी आणि नववी अशी जोडी ठेवा. नववीचा विद्यार्थी मोजतो, आठवीचा लिहितो. पुढच्या वर्षी लिहिणारा मोजायला लागतो. वही शाळेची असावी, विद्यार्थ्याची नव्हे, आणि ती प्रयोगशाळेच्या कपाटात राहावी. पहिल्या पानावर जागेचं चित्र काढा: कुठल्या पायरीवर उभं राहायचं, दोरी कुठल्या खांबाला बांधायची, बादली कुठल्या बाजूने सोडायची. उपकरण बदललं तर जुनं आणि नवं एक महिना शेजारी शेजारी चालवा आणि दोन्ही आकडे लिहा. शिक्षकांची बदली झाली तर पासवर्डचा कागद मुख्याध्यापकांकडे असू द्या. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांमुळे खंड पडणारच. तो 'मोजणी नाही' असा लिहून ठेवा, मागचे-पुढचे आकडे बघून भरू नका.